अमेरिकेत आरव्हीमध्ये बाराही महिने राहणं आणि फिरतीची नोकरी: वजन, वीज, थंडी, कर

उंबरठा (धागाकर्ती)

हा धागा सुट्टीतल्या भटकंतीचा नाही. ज्यांना आरव्ही (चाकांवरचं घर) हेच घर करायचं आहे आणि कामामागे दर काही आठवड्यांनी गाव बदलायचं आहे, त्यांच्यासाठी आहे. १३ आठवड्यांच्या कंत्राटावरच्या ट्रॅव्हल नर्स, अणुवीज केंद्रांच्या इंधनबदलाच्या वेळी लागणारे तंत्रज्ञ, पाइपलाइनवरचे वेल्डर, ऑक्टोबरात रेड रिव्हर खोऱ्यात शुगर बीटच्या हंगामाला जाणारे, आणि लॅपटॉपवर काम करणारे, सगळेच यात आले.

चर्चेला एक उदाहरण घेऊ. दोघं जण. एकीचं ट्रॅव्हल नर्सिंग, बहुतेक रात्रपाळी. दुसरा एच-१बी व्हिसावर, रिमोट सॉफ्टवेअर. हाफ-टन (मोठ्या पिकअपमधला सर्वांत हलका वर्ग) पिकअप आहे, त्यामागे साधारण ३० फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (ओढून न्यायचं घर) लावायचा आहे. पहिलं कंत्राट जानेवारीत, उत्तरेकडच्या थंड राज्यात. पिकअप पुरेल का, विजेची जोडणी ३० अँपिअरची की ५०, पाणी गोठू नये म्हणून काय करायचं, आणि राहण्या-जेवणासाठी मिळणाऱ्या स्टायपेंडवर कर लागतो का?

सुट्टीवरच्या माणसाचा गीझर बिघडला तर तो घरी परत जातो. इथे परत जायला दुसरं घर नाही आणि शिफ्ट तर गाठायचीच आहे. तेवढं धरून लिहा.

पाना_पक्कड

पिकअपपासून सुरू करतो, कारण सर्वांत महाग चूक तिथे होते. जाहिरातीत 'इतके हजार पौंड ओढतो' असं लिहिलेलं असतं. पण ओढण्याची क्षमता संपायच्या कितीतरी आधी पेलोड, म्हणजे गाडी स्वतःच्या अंगावर पेलू शकते ते वजन, संपतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचा. माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील, तो आकडा त्यावर असतो आणि तो त्याच गाडीचा असतो. त्याच मॉडेलच्या शेजारच्या गाडीचा वेगळा असू शकतो, कारण सनरूफ, मोठी चाकं, फोर-व्हील ड्राइव्ह हे सगळं पेलोड खातं.

समजा स्टिकरवर १,६०० पौंड आहे आणि ट्रेलरचं कमाल वजन ७,५०० पौंड. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर (ट्रकमागच्या जोडणीवर) यायला हवा. १३ टक्के धरले तर ९७५. वजन वाटणारं हिच १००, दोन माणसं ३२०, मागच्या हौद्यात हत्यारं आणि होज पाइप २००. बेरीज १,५९५. म्हणजे गाडी भरली, आणि कुत्रा अजून चढायचा आहे. हिचवरचा भार कमी करायला सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला हलवू नका. भार १० टक्क्यांखाली गेला की हायवेवर ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो.

ब्रोशरमधलं 'ड्राय वेट' हिशेबात घेऊच नका. त्यात सामान, पाणी धरलेलं नसतं, बॅटरीही बहुधा नसते. ४० गॅलन पाणीच ३३४ पौंड होतं. कायम राहणाऱ्यांचा ट्रेलर कमाल वजनाला टेकलेला असतो, तोच आकडा धरा. फिफ्थ व्हील (पिकअपच्या हौद्यात पिनने जोडायचा ट्रेलर) घेणार असाल तर पिनवर २० ते २५ टक्के भार येतो. १४,००० पौंडांच्या घराचा ३,००० च्या पुढे. हाफ-टनचं ते काम नाही.

हिशेबनीस

यात भर: अंदाजावर राहू नका, ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल नावाच्या वजनकाट्यावर वजन करा. पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर असे तीन वेगळे आकडे मिळतात. मग ट्रेलर सोडून नुसता ट्रक पुन्हा तोला. २४ तासांत त्याच काट्यावर दुसरं वजन स्वस्तात होतं.

पाना_पक्कड

@हिशेबनीस, बरोबर, पण एक खाच आहे. वजन वाटणाऱ्या हिचचे बार ताणलेले असतील तर हिचवरचा काही भार ट्रेलरच्या ॲक्सलवर परत ढकलला जातो आणि वजाबाकीत भार कमी दिसतो. खरा आकडा हवा तर बार सैल करून एकदा तोला. बार लावून दुसऱ्यांदा तोललं की पुढच्या ॲक्सलवर वजन किती परत आलं तेही कळतं. पुढचा ॲक्सल हलका राहिला तर स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही कमजोर पडतात.

अँपिअर

विजेबद्दल. ३० अँपिअर म्हणजे १२० व्होल्टची एकच तार, एकूण ३,६०० वॉट. ५० अँपिअर म्हणजे प्रत्येकी ५० अँपिअरच्या दोन तारा, एकूण १२,००० वॉट. नाव वाचून फरक वीसचा वाटतो, प्रत्यक्षात तिपटीहून जास्त आहे.

३० अँपिअरवर एसी १३, मायक्रोवेव्ह १३ आणि गीझरचं विजेचं एलिमेंट १२. एकत्र चालले तर ३८, ब्रेकर पडणार. गीझर गॅसवर टाकला की जमतं. तासन् तास चालणारा भार २४ अँपिअरच्या आत ठेवा.

ब्रेकर पडणं त्रासाचं असलं तरी सुरक्षित आहे. धोका आहे तो प्लग वितळण्याचा. आरव्ही पार्कातल्या विजेच्या खांबावरचं सॉकेट शेकडो वेळा वापरून सैल झालेलं असतं. स्पर्श अपुरा, म्हणून रोध जास्त, म्हणून उष्णता. ब्रेकरला हे कळत नाही, कारण अँपिअर मर्यादेतच असतात. एसी किंवा हीटर अर्धा तास चालू ठेवून प्लगला हात लावा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर भार कमी करा आणि सॉकेट बदलून मागा. प्लगची पाती काळी पडली असतील तर नवा प्लग बसवा. घासून चकचकीत केल्याने पात्यावरचा मुलामा जातो आणि ते लवकरच पुन्हा काळं पडतं.

जोडण्याचा क्रम: खांबावरचा ब्रेकर बंद, ईएमएस (व्होल्टेज तपासून गरज पडल्यास वीज तोडणारं उपकरण) लावा, ब्रेकर चालू, ईएमएसवरचे आकडे वाचा, सगळं ठीक असेल तर ब्रेकर पुन्हा बंद करून घराची केबल जोडा. नुसता सर्ज प्रोटेक्टर पुरत नाही. उन्हाळ्यात दुपारी सगळ्या पार्कचे एसी सुरू झाले की व्होल्टेज १०५ पर्यंत घसरतं, कॉम्प्रेसर जास्त करंट ओढून तापतो. चांगला ईएमएस १०४ च्या खाली आणि १३२ च्या वर वीज तोडतो. ५० अँपिअरवर न्यूट्रल तुटला असेल तर एका बाजूच्या उपकरणांवर १२० ऐवजी २०० च्या वर व्होल्ट जाऊ शकतात, तेही ईएमएस पकडतो.

नातेवाइकांच्या ड्राइव्हवेत आरव्हीसाठी सॉकेट बसवून घेणार असाल तर इलेक्ट्रिशियनला '३० अँपिअर, १२० व्होल्ट, टीटी-३०' असं लिहून द्या. ३० अँपिअर ऐकून तो ड्रायरसारखी २४० व्होल्टची जोडणी करतो, ही चूक सर्रास होते आणि पहिल्याच जोडणीत उपकरणं जळतात.

उंबरठा

सोलर आणि लिथियम बॅटरी घेऊन पार्कचं भाडंच वाचवता येईल का? व्हिडिओंमध्ये सगळे तेच सांगतात.

अँपिअर

तुमच्या उदाहरणात नाही. हिशेब बघा. लॅपटॉप आणि मॉनिटर ८० वॉट, स्टारलिंक ७५ वॉट, दहा तासांचे दीड हजार वॉट-तास. १२ व्होल्टचा फ्रिज दिवसाला ७०० च्या आसपास. पंप, दिवे, इन्व्हर्टरची गळती धरून अडीच हजार. १०० अँपिअर-तासांच्या दोन लिथियम बॅटऱ्या म्हणजे २,५६० वॉट-तास, त्या एका दिवसात संपल्या. छतावर सपाट लावलेले ८०० वॉटचे पॅनेल उन्हाळ्यात ३,००० देतील, उत्तरेकडच्या जानेवारीत त्याच्या निम्मेसुद्धा मुश्किलीने. वर फर्नेसचा (गॅसवर चालणाऱ्या घर गरम करण्याच्या यंत्राचा) पंखा आहे. तो ७-८ अँपिअर ओढतो, रात्रंदिवस मिळून १२ तास चालला की ९० अँपिअर-तास गेले. आणि लिथियम बॅटरी शून्य अंश सेल्सिअसखाली चार्ज करता येत नाही, ती घराच्या आत उबेतच हवी.

पाना_पक्कड

थोडा मतभेद. पूर्ण सोलर नको हे मान्य, पण २०० वॉटचं पॅनेल आणि एक लिथियम बॅटरी प्रवासाच्या दिवसांसाठी घ्यावीच. पार्कची वीज गेली तरी फर्नेस रात्रभर चालते. फक्त ट्रकच्या अल्टरनेटरला लिथियम थेट जोडू नका. ती मिळेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर तापून जातो. मध्ये ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर लावा.

अँपिअर

तेवढ्यापुरतं अनुमोदन.

उत्तरवारा

थंडीचं मी लिहितो. सगळ्यात जास्त पाइप कशाने फुटतात? 'गॅस वाचवू' म्हणून विजेचा हीटर लावण्याने. बऱ्याच ट्रेलरमध्ये फर्नेसची गरम हवा एका नळीने खाली, टाक्या आणि पाइप असतात त्या पोटात सोडलेली असते. विजेच्या हीटरने खोली उबदार राहते, थर्मोस्टॅट समाधानी, फर्नेस लागतच नाही आणि पोटातलं पाणी गोठतं. माणूस उबेत झोपलेला असतो म्हणून कळतही नाही. हीटर जोडीला चालेल, पण थर्मोस्टॅट असा ठेवा की फर्नेस तासातून दोन-तीनदा लागलीच पाहिजे. हीटर सर्रास एक्स्टेंशन वायरवर लावले जातात, ते तर नकोच. १,५०० वॉटचा हीटर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा आणि तेही तापतंय का पाहा, कारण आरव्हीतली बरीच सॉकेटं स्क्रूऐवजी दाबून बसवलेल्या तारांची असतात.

गॅसचा हिशेब: एका गॅलन प्रोपेनमधून ९१,५०० बीटीयू (उष्णतेचं एकक). ३० पौंडी सिलिंडरमध्ये ७ गॅलन, म्हणजे साधारण ६,४०,००० बीटीयू. ३०,००० बीटीयूची फर्नेस सलग चालली तर २१ तास, निम्मा वेळ चालली तर दोन दिवससुद्धा नाही. जानेवारीत दर दुसऱ्या दिवशी, रात्रपाळीनंतर, सिलिंडर भरायला जायचं नसेल तर १०० पौंडी सिलिंडर भाड्याने घ्या, सहाएक दिवस निघतात. बदलून मिळणारे २० पौंडी सिलिंडर बहुधा १५ पौंडच भरलेले असतात, भरून घेणं परवडतं.

स्कर्टिंग करा. जमिनीपासून ट्रेलरच्या कडेपर्यंत २ इंची फोमच्या पाट्या कापून बसवा, सांध्यांना टेप लावा. वाऱ्याचा मारा थांबला की गॅस लगेच कमी लागतो. फर्नेसचं धुराडं आणि सिलिंडरची जागा मात्र झाकू नका. पाण्याला हीटिंग वायरचा होज घ्या आणि पार्कचा नळसुद्धा गुंडाळा. होज गरम आणि नळ गोठलेला हे हमखास होतं. फार कडाक्याची रात्र असेल तर आतली टाकी भरून होज काढून ठेवा आणि पंपावर चालवा.

दुसरा शत्रू दमट हवा. दोन माणसांचा श्वास, भाताची वाफ, आंघोळ, आणि भिंती जेमतेम दोन इंची. गादीखालच्या प्लायवर पाणी साठून बुरशी धरते, कारण अंगाची वाफ गादीतून उतरते आणि थंड प्लायला लागून पाणी होते. गादीखाली हवा खेळणारी जाळी किंवा पट्ट्या घाला. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आत ठेवा. डब्यात मिळणारे पाणी शोषणारे खडे इथे पुरत नाहीत, कॉम्प्रेसरवालं डीह्युमिडिफायरच हवं.

पाना_पक्कड

टाक्यांचं थोडक्यात. ब्लॅक टँकचा (संडासाच्या टाकीचा) व्हॉल्व्ह सीवरला जोडलेला असला तरी बंदच ठेवायचा. उघडा ठेवला की पाणी वाहून जातं, घट्ट भाग टाकीत साचून दगड होतो, आणि तो काढायला भाड्याने माणूस आणावा लागतो. दोन-तृतीयांश भरल्यावर रिकामी करा, मग ग्रे टँक (सिंक-आंघोळीच्या पाण्याची टाकी) सोडा म्हणजे होज धुतला जातो. रिकामी केल्यावर दोन-तीन गॅलन पाणी टाकल्याशिवाय वापरू नका. सेन्सर खोटं बोलतात, कारण प्रोबवर कागद चिकटतो. त्यापेक्षा होजला पारदर्शक एल्बो लावा.

पाण्याच्या होजआधी ४५ ते ५० पीएसआयचा प्रेशर रेग्युलेटर. आतल्या टाकीचं निर्जंतुकीकरण: दर १५ गॅलनला पाव कप साधं, सुगंध नसलेलं ब्लीच, सगळ्या तोट्यांतून वास येईपर्यंत सोडा, रात्रभर ठेवा, मग वास जाईपर्यंत धुवा. गीझर आधी बायपास करा.

हिशेबनीस

आता स्टायपेंड. इथे लोक दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतात.

डोमिसाइल म्हणजे लायसन्स, गाडीची नोंदणी, मतदान कुठल्या राज्यात ते. आरव्हीवाले बहुधा साउथ डकोटा, टेक्सस किंवा फ्लोरिडा घेतात. तिथे राज्याचा वैयक्तिक आयकर नाही आणि टपाल पुढे पाठवणाऱ्या सेवा रुळलेल्या आहेत. टॅक्स होम (करासाठी धरलेलं मूळ ठिकाण) ही आयआरएसची, म्हणजे केंद्रीय कर खात्याची संकल्पना आहे आणि ती वेगळी. राहण्या-जेवणाचा स्टायपेंड करमुक्त मिळायला टॅक्स होमपासून दूर, तात्पुरतं काम हवं. आयआरएसच्या प्रकाशन ४६३ मध्ये तीन कसोट्या आहेत: मूळ घराच्या परिसरात तुम्ही काही काम करता आणि तेव्हा त्याच घरात राहता का, बाहेर असताना दोन्हीकडे राहण्याचा खर्च होतो का, आणि तो परिसर तुम्ही सोडून दिलेला नाही ना. तिन्ही जमल्या तर घर टिकलं. दोन जमल्या तर परिस्थितीवर. एकच जमली तर तुम्ही 'फिरस्ते': जिथे काम तिथेच टॅक्स होम, आणि स्टायपेंड पूर्ण करपात्र.

उंबरठा

म्हणजे साउथ डकोटात फक्त टपालाचा पत्ता असेल आणि आरव्ही हेच एकमेव घर असेल, तर?

हिशेबनीस

तर फिरस्ते. टपालपेटीला राहण्याचा खर्च नसतो, म्हणून दुहेरी खर्चाची कसोटी पडते, आणि तिथे काम-मुक्काम नसल्याने पहिलीही पडते. भावाच्या घरातल्या खोलीला नावापुरतं भाडं देऊन भागत नाही. बाजारभावाने भाडं, त्याची नोंद, आणि अधूनमधून तिथे राहणं-काम करणं दिसायला हवं. एजन्सी सहीला देते त्या टॅक्स होमच्या घोषणापत्रावर खोटं लिहू नका. फिरस्ते असाल तर सांगा, सगळी रक्कम करपात्र पगार म्हणून द्यायला लावा आणि दोन कंत्राटांची तुलना तशीच करा. यात फायदाही आहे: सोशल सिक्युरिटीत जास्त रक्कम जमते.

टॅक्स होम असलं तरी एका ठिकाणचं काम वर्षापेक्षा जास्त चालेल अशी अपेक्षा निर्माण झाली, की त्या क्षणापासून स्टायपेंड करपात्र. मुदतवाढीवर सही करताना तारखा मोजा. आणि कुठल्याही डोमिसाइलने काम केलेल्या राज्याचा आयकर चुकत नाही. तिथे अनिवासी म्हणून विवरणपत्र भरावं लागतं.

कागदपत्र

नर्सिंग लायसन्सचं जोडून: टेक्सस, फ्लोरिडा, साउथ डकोटा तिन्ही बहुराज्य करारात आहेत, म्हणून मूळ निवास तिथे असेल तर एका लायसन्सवर करारातली इतर राज्यं उघडतात. कॅलिफोर्निया करारात नाही, तिथलं वेगळं काढावं लागतं. महिने आधी अर्ज करा.

एच-१बीवाल्याकडे मात्र नीट लक्ष द्या, हा भाग इंग्रजी आरव्ही चर्चांमध्ये सापडत नाही. रिमोट असलं तरी जिथे बसून काम करता ते कामाचं ठिकाण, आणि एलसीए (व्हिसासाठी कंपनीने श्रम खात्याकडे भरलेला अर्ज) त्या महानगर क्षेत्रापुरता असतो. त्या क्षेत्राबाहेर जाऊन काम करायचं तर आधी सुधारित अर्ज दाखल व्हावा लागतो, हे २०१५ च्या सिमिओ निर्णयाने पक्कं झालं. अल्पकालीन सवलत वर्षात ३० कामाच्या दिवसांची, आणि मूळ ठिकाणी ऑफिस, घर आणि बराचसा वावर कायम असेल तर ६० दिवसांची. तेरा आठवडे म्हणजे ६५ कामाचे दिवस. गणित बसत नाही. त्यामुळे दर कंत्राटाला कंपनीच्या वकिलाकडून सुधारित अर्ज, नाहीतर ग्रीन कार्डपर्यंत आरव्ही थांबवा. कंपनीला न सांगता निघणं हा पर्याय नाही, स्टेटसच धोक्यात येतं. पत्ता बदलल्यापासून १० दिवसांत एआर-११ (पत्ताबदलाचा इमिग्रेशन फॉर्म) भरणं ग्रीन कार्डवाल्यांनाही लागू आहे.

विमा: साधी आरव्ही पॉलिसी सुट्टीच्या वापराची असते. कायम राहणार असाल तर 'फुल-टायमर' पॉलिसी मागा, त्यात घरमालकासारखी जबाबदारी धरलेली असते. ट्रेलरची वॉरंटीही कायमच्या निवासाने बाद होते का, ते खरेदीआधी वाचा. बऱ्याच कंपन्यांच्या कागदात तसं कलम असतं.

रात्रपाळी

पार्क ठरवताना विचारायचं ते: महिन्याच्या दरात वीज धरली आहे का मीटरवर (असेल तर आल्या दिवशी मीटरचा फोटो काढा), दहा वर्षांपेक्षा जुनी गाडी घेतात का, टपाल आणि पार्सल स्वीकारतात का, सीवर जागेवरच आहे का, कंत्राट रद्द झालं तर पैसे परत मिळतात का. कंत्राटं शेवटच्या आठवड्यातही रद्द होतात, म्हणून शेवटचा प्रश्न लेखी. आणि १३ आठवडे म्हणजे ९१ दिवस, तीन महिन्यांच्या दरात एखादा दिवस वर राहतो का तेही बघा.

दिवसा झोपायचं असेल तर ऑफिस, कपडे धुण्याची जागा आणि कचऱ्याच्या डब्यांपासून लांबची जागा मागा. झोपायच्या खोलीची खिडकी पश्चिमेला नको. छताच्या व्हेंटमध्ये फोमची उशी आणि खिडक्यांना उष्णता परतवणारे पत्रे लावा. एसीच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेत १६ ते २२ अंश फॅरनहाइट फरक पडत असेल तर तो ठीक आहे. कमी असेल तर आधी फिल्टर धुवा, मग छतावरची कॉइल.

पाना_पक्कड

दोन कंत्राटांमधल्या प्रवासाचं राहिलं. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी वयाने जातात. टायरच्या कडेवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. पाच वर्षांनंतर बदलायच्या तयारीला लागा. तीन महिने एका जागी उन्हात उभा राहिलेला टायर झाकलेला नसेल तर कडेला भेगा पडतात. टायर थंड असताना हवा भरा, बऱ्याच ट्रेलर टायरची मर्यादा ताशी ६५ मैलच असते. चाक काढून बसवलं असेल तर ५० मैलांनी नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा.

निघण्याआधी छतावर चढून सांधे बघा. भेग दिसली तर आडव्या भागावर आपोआप पसरणारं लॅप सीलंट. सिलिकॉन नको, त्यावर पुढे दुसरं काही चिकटत नाही. दिवसाला ३०० मैल, दुपारी तीनपर्यंत मुक्काम, आणि ओरिएंटेशनच्या निदान चार दिवस आधी पोहोचणं. फुटलेला टायर किंवा बंद फर्नेस दुरुस्त करायला तेवढे दिवस लागतातच.

उंबरठा

गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म जुन्या ट्रेलरमध्ये चालतील का? चाचणीचं बटण दाबल्यावर वाजतात.

अँपिअर

बटण फक्त भोंगा आणि सर्किट तपासतं, सेन्सर नाही. मागे छापलेली तारीख बघा. गॅसचे अलार्म साधारण पाच ते सात वर्षांत संपतात. मुदत गेली असेल तर आत राहायला जाण्याआधी बदला. गॅसचा अलार्म जमिनीजवळच बसवा, प्रोपेन हवेपेक्षा जड असतो.